ग्लुटामाइन : गाठीचं खाणं, की आईचं?

ज्यांना ऐकायला सवड नाही, किंवा पोलादपूर सोडून घाटाला लागलं की ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

पोलादपूर तालुक्यातल्या एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. नाव-गाव सांगत नाही. त्याच्या आईला स्तनाचा कॅन्सर आहे, मुंबईत केमो चालू आहे, दोन सायकलच्या मधे ती गावी येते. डॉक्टरांनी सांगितलंय की अंडी, डाळ, मासे, जे पचेल ते पोटभर खा. पण घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला : कॅन्सरची गाठ ग्लुटामाइनवर जगते, ग्लुटामाइन प्रथिनांत असतं, प्रथिनं बंद करा, गाठ उपाशी मरेल. झालं. अंडी बंद, डाळ बंद, सुकी मासळी तर घरात शिजतच नाही. आई आता पेज आणि नारळपाण्यावर आहे. आणि हा पोरगा महाडला ज्या जिमला जातो, तिथे त्याच नावाची पावडर विकायला ठेवलीये, डब्यावर ताकद, रिकव्हरी, प्रतिकारशक्ती असं सगळं लिहिलेलं. त्याचा प्रश्न : "दादा, आईला हे ग्लुटामाइन तोडायचं, की उलट द्यायचं?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, आई उपाशी असताना सस्पेन्स कशाला? अंडी-डाळ आजच्या आज परत सुरू करा. पावडर मात्र तिच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. आता हे असं का, त्यासाठी बाकीचा एपिसोड.

भाताच्या खाचरातून सुरुवात

महाड-पोलादपूरच्या पोरांना हे सोपं जाईल. लावणी झाली, रोपं जरा रुजली की आपण युरिया फेकतो. आठवड्याभरात खाचर काळंभोर हिरवं दिसायला लागतं. मधे काय होतं? युरियाचा अमोनिया होतो, मुळं तो ओढून घेतात. पण अमोनिया पेशीत साठला तर पेशीला विषच. म्हणून रोप त्याला मोकळं फिरू देत नाही. ग्लुटामेट नावाचं एक अमिनो ॲसिड असतं, त्याच्या पाठीवर अमोनिया बसवून टाकतं. या जोडीचं नाव ग्लुटामाइन. ग्लुटामेट म्हणजे एकटा बाइकवाला, ग्लुटामाइन म्हणजे डबलसीट. मागे बसलेला नायट्रोजन असा सुखरूप जिथे लागेल तिथे पोचतो. ग्लुफोसिनेट नावाचं एक तणनाशक आहे, ते नेमकी ही बसवाबसवी थांबवतं. मग तणाच्या पानात अमोनिया साठतो आणि पान जळून जातं.

रसायनशास्त्रज्ञांना ग्लुटामाइन पहिल्यांदा सापडलं तेही वनस्पतीतच, १८८३ साली, बीटच्या रसात. आणि तुमच्या-माझ्या शरीरात अगदी हाच खेळ चालतो. प्रथिनं मोडली की अमोनिया सुटतो, तो मेंदूला सोसत नाही. स्नायू, मेंदू, यकृत त्याला ग्लुटामेटच्या मागे बसवतात आणि रक्तात सोडतात. जिथे गरज आहे तिथे ग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम मागच्याला उतरवून घेतं.

आता आकडे ऐका, कारण आपल्या मित्राचं अर्धं उत्तर या आकड्यांतच आहे. मोठ्या माणसाचं शरीर रोज साधारण ४० ते ८० ग्रॅम ग्लुटामाइन स्वतः तयार करतं. जेवणातून मिळतं ते ५ ते १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे शरीराचं दुकान मुख्यतः घरच्या मालावर चालतं, बाहेरून येते ती भर. आणि घरचा माल बनवणारा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे मांड्या, दंड, पाठ. स्नायू.

गिऱ्हाईकं कोण? एक नंबर आतडं. आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, त्या कामाला इंधन लागतं, आणि आतडं ग्लुटामाइन अक्षरशः ओरपतं. दोन, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. तीन, मूत्रपिंड. रक्तात आम्ल वाढलं की मूत्रपिंड ग्लुटामाइन फोडून अमोनिया काढतं आणि आम्ल लघवीवाटे बाहेर टाकतं. मोठी जखम, भाजणं, गंभीर जंतुसंसर्ग अशा वेळी मागणी इतकी वाढते की घरचा माल पुरत नाही. पुस्तकात याला परिस्थितीनुसार अत्यावश्यक अमिनो ॲसिड म्हणतात.

मग कॅन्सरचं काय?

व्हॉट्सॲपच्या मेसेजमधलं पहिलं वाक्य पूर्ण खोटं नाहीये. म्हणूनच तो मेसेज इतका चालतो.

१९५०च्या दशकात अमेरिकेत हॅरी ईगल नावाचे संशोधक बशीत पेशी वाढवायला नेमकं काय काय लागतं याची यादी करत होते. त्यांनी वापरलेल्या पेशींत हेला पेशीही होत्या, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या पेशी, ज्या आजही जगभर वाढतायत. ईगलना दिसलं की या पेशींना ग्लुटामाइन इतर कुठल्याही अमिनो ॲसिडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागतं. आजही पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत गेलात तर ते लालसर पाणी दिसतं ना, त्यात ग्लुटामाइन मुद्दाम घातलेलं असतं.

कॅन्सरच्या पेशीला साखर लागते हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पेट स्कॅन त्यावरच चालतो, साखरेसारखा पदार्थ टोचतात आणि तो कुठे जमतो ते बघतात. पण साखरेत कार्बन आहे, नायट्रोजन नाही. नवी पेशी बनवायची म्हणजे नवा डीएनए बनवायचा, आणि त्याच्या अक्षरांना नायट्रोजन लागतो. तो ग्लुटामाइनच्या मागच्या सीटवर बसलेलाच आहे. नायट्रोजन उतरल्यावर जे ग्लुटामेट उरतं तेही वाया जात नाही. त्यातला काही भाग पेशीच्या भट्टीत इंधन म्हणून जातो, आणि काही भागातून ग्लुटाथायोन बनतं, जे पेशीला आतल्या गंजापासून वाचवतं. एक माल, तीन उपयोग. मिक नावाचं एक जनुक अनेक कॅन्सरमध्ये बेफाम सुटलेलं असतं, ते पेशीला ग्लुटामाइन आत ओढायला आणि फोडायला लावतं, हे २००८-०९च्या सुमाराला स्पष्ट झालं.

पण सगळे कॅन्सर सारखे नसतात. स्तनाचाच घ्या. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारातल्या बऱ्याच पेशी ग्लुटामाइन स्वतःच बनवू शकतात. ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात त्या प्रकारातल्या बऱ्याच पेशी बाहेरच्या मालावर जास्त अवलंबून असतात. शिवाय बशीतली पेशी आणि शरीरातली गाठ यांतही फरक. २०१६ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या ज्या पेशी बशीत ग्लुटामाइनसाठी हपापलेल्या होत्या, त्यांचीच गाठ जिवंत उंदरात वाढली तेव्हा तिला त्याची तेवढी गरज उरली नव्हती.

उपाशी कोण राहतं?

समजा आईने प्रथिनं पूर्ण बंद केली. जेवणातून येणारे पाच-दहा ग्रॅम गेले. शरीर काय करेल? रक्तातली ग्लुटामाइनची पातळी सांभाळणं त्याला भाग आहे, कारण आतडं, मूत्रपिंड, पांढऱ्या पेशी सगळे त्यावर बसलेत. मग ते स्नायू फोडायला घेतं. दंडातलं, मांडीतलं मांस विरघळून ग्लुटामाइन रक्तात येत राहतं. आणि गाठ तर त्याच रक्तावर आहे. तिला तिचा वाटा मिळतच राहतो. उपाशी राहते ती आई.

कॅन्सरमध्ये वजन आणि स्नायू झडण्याला कॅकेक्सिया म्हणतात. तुम्ही तो पाहिला असेल. गालफडं बसतात, खुर्चीतून उठताना हात टेकवा लागतो, अंगठी बोटातून निसटते. नातेवाईक म्हणतात, रोगाने खाल्लं. काही अंशी खरंय, आजार स्वतःही स्नायू मोडतो. पण त्यात आपण ताटातली डाळ काढून घेतली तर मोडायला मदतच करतो. याची किंमत फक्त दिसण्यात नाही. अंगात ताकद नसली की केमोचा त्रास वाढतो, डोस कमी करावा लागतो, पुढची तारीख पडते. महाडहून परळला जायचं म्हणजे एक पूर्ण दिवस आणि सोबत येणाऱ्याची एक रजा. तिथे पोचून "आज केमो नाही, अशक्तपणा आहे" हे ऐकून परत फिरलेली माणसं आपल्यातच असतील.

युरोपातल्या वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. धडधाकट माणसासाठी आपल्याकडे सांगितलं जातं ०.८३ ग्रॅम. म्हणजे आजारपणात जास्त, कमी नाही. आई ५० किलोची असेल तर ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात तेवढेच. वाटीभर पेजेत किती? एक-दोन ग्रॅम, पाणीच जास्त. आता हिशोब तुम्हीच करा, पेजेवर ५० गाठायला दिवसाला किती वाट्या लागतील.

आपल्याकडे खरं तर अडचण नाहीये. कुळथाची पिठी आहे, वालाचं बिरडं आहे, मूगडाळीची खिचडी आहे. जवळा, सुकट, बोंबील ही तर प्रथिनांची कोठारं, फक्त मीठ जास्त असतं म्हणून धुऊन, थोडी. तोंड आलेलं असेल तर अंडं मऊ उकडून भातात कुस्करायचं, दही नीट ताजं, पिठी पातळ करून. केमोच्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी असतात, त्यामुळे कच्चं काही नको, सगळं नीट शिजवलेलं. एका वेळी जात नसेल तर सहा वेळा थोडं थोडं. एक अपवाद आहे : मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलंय म्हणून डॉक्टरांनी स्वतः प्रथिनं मोजून द्यायला सांगितली असतील, तर त्यांचं ऐकायचं.

गाठीला खरंच उपाशी मारता येतं का?

एका ठिकाणी येतं, आणि ती गोष्ट मला फार आवडते.

१९५३ साली अमेरिकेत जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगच्या रक्तातला द्रव टोचला की उंदरांच्या काही गाठी विरघळतात. पुढे कळलं की ही करामत त्या द्रवातल्या ॲस्पॅराजिनेज नावाच्या एन्झाइमची. ते रक्तातलं ॲस्पॅराजिन फोडून टाकतं. ॲस्पॅराजिन म्हणजे ग्लुटामाइनचंच भावंड म्हणा, त्यालाही मागे नायट्रोजन बसलेला. आपल्या चांगल्या पेशी ते स्वतः बनवतात, आणि बनवताना नायट्रोजन घेतात तो ग्लुटामाइनकडून. पण लहान मुलांना होणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही. रक्तातलं संपलं की त्या मरतात. आज या रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात हे इंजेक्शन जगभर असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलसह देशातल्या मोठ्या केंद्रांनी १९८०च्या दशकापासून जी एकत्रित उपचारपद्धत वापरली, तिच्यातही ते होतं. हे औषध थोडंफार ग्लुटामाइनही फोडतं, आणि त्याच्या दुष्परिणामांतला काही भाग, उदाहरणार्थ रक्तात अमोनिया वाढणं, त्यामुळे येतो असं मानलं जातं.

पण बघा हं, त्या मुलाला कोणी उपाशी ठेवत नाही. त्याच्या ताटातून काही काढून घेत नाहीत. अमिनो ॲसिड संपवलं जातं ते रक्तात, एन्झाइम सोडून, डॉक्टरांच्या नजरेखाली, रोज तपासण्या करून. ताट बंद करून ते रक्तातून संपत नाही, कारण शरीर ते पुन्हा बनवत राहतं.

मग ग्लुटामाइनसाठी असं औषध का नाही? प्रयत्न खूप झाले. डॉन नावाचा एक पदार्थ १९५०च्या दशकात मातीतल्या जंतूपासून मिळाला. तो ग्लुटामाइनच्या जागी जाऊन बसतो आणि पुढचं सगळं काम अडवतो. गाठी कमी झाल्या, पण उलट्या आणि आतड्याचा त्रास एवढा की पुढे जाता येईना. आठवतंय ना, ग्लुटामाइनचं एक नंबर गिऱ्हाईक कोण ते? नंतर टेलाग्लेनास्टॅट आलं, फक्त ग्लुटामिनेजला अडवणारं, बरंच सौम्य. मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या ४४४ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. अर्ध्या जणांना नेहमीच्या औषधासोबत हे, अर्ध्यांना नेहमीचं औषध आणि नुसती दिसायला तशीच गोळी. आजार वाढायला लागेपर्यंतचा काळ एका गटात ९.२ महिने, दुसऱ्यात ९.३. म्हणजे काहीच फरक नाही. एक दार बंद केलं की गाठ दुसऱ्या दाराने माल आणते.

तरी विषय संपलेला नाही. २०१९ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यात डॉनचंच असं रूप वापरलं होतं जे मुख्यतः गाठीत जाऊन सुटतं. त्याने गाठीच्या पेशी ढेपाळल्या, पण लढणाऱ्या टी-पेशी मात्र दुसरं इंधन वापरून उलट जोमाने कामाला लागल्या. या जातीच्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या. हे वाचून कोणी उद्या "ग्लुटामाइन बंद करणारी गोळी" म्हणून काही विकायला आलं, तर मात्र लांब राहा.

आता तो डबा

जिमवाल्या पोरांनो, आधी तुमचं. २००१ साली कॅनडात तरुण मुलामुलींना सहा आठवडे वजनं उचलायला लावून भरपूर ग्लुटामाइन दिलं, दुसऱ्या गटाला दिसायला तशीच साधी पावडर. ताकदीत, स्नायूंत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. कारण सरळ आहे, तोंडावाटे घेतलेल्यातलं बरंचसं आतडं आणि यकृतच वापरून टाकतं, दंडापर्यंत पोचतं किती? त्या डब्याच्या पैशात अंडी किती येतात ते महाडच्या बाजारात विचारून या.

आजारी माणसाचं गणित वेगळं, आणि जास्त सांभाळून करायचं. आधी डॉक्टरांनाही वाटत होतं की अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचं ग्लुटामाइन कमी झालेलं असतं, तर भरून काढू. तर्क बरोबर वाटतो ना? २०१३ साली सुमारे १,२०० अत्यवस्थ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना ग्लुटामाइन दिलं त्यांच्यात २८ दिवसांत ३२ टक्के दगावले, न दिलेल्यांत २७ टक्के. सहा महिन्यांनी पाहिलं तरी दिलेल्यांतच मृत्यू जास्त. भाजलेल्या रुग्णांवरची तेवढीच मोठी चाचणी २०२२ला प्रसिद्ध झाली, तिथे फायदा दिसला नाही. शरीरातलं एखादं द्रव्य कमी झालं म्हणजे ते वरून ओतलं की काम झालं, असं नसतं. यकृताचा सिरॉसिस असलेल्यांना तर ही पावडर थेट धोक्याची, कारण ती फुटली की अमोनिया, आणि अमोनिया आवरायला यकृतच धड नाही.

मग कुठेच उपयोग नाही? आहे. तोंड-घशाच्या कॅन्सरला रेडिएशन आणि केमो एकत्र चालू असेल तर तोंड सोलवटून निघतं, पाणी गिळवत नाही. तंबाखू-मिश्रीमुळे हे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी तोंडावाटे ग्लुटामाइनचा विचार करावा असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे, तेही जपून. सिकलसेल आजारात, जो विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात बराच आढळतो, शुद्ध ग्लुटामाइनला अमेरिकेत २०१७ साली औषध म्हणून मान्यता मिळाली. युरोपातल्या तज्ज्ञ समितीला मात्र तो पुरावा पुरेसा वाटला नाही. म्हणजे आईच्या डॉक्टरांनी स्वतः कागदावर लिहून दिलं तर घ्यायचं, किती आणि किती दिवस ते त्यांनाच विचारून. जिमच्या काउंटरवरून नाही.

मित्रा, पुढच्या तारखेला जाताना तीन गोष्टी कर. आई गेल्या आठवड्यात रोज काय काय खात होती ते मोबाइलमध्ये लिहून ने, पेज तर पेज, लपवू नकोस. तो व्हॉट्सॲपचा मेसेज डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना तसाच दाखव. परळच्या टाटामध्ये आहारतज्ज्ञ बसतात, आणि इतर मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांतही असतात, केस पेपर घेतानाच विचार. आणि दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, एकाच काट्यावर आईचं वजन करून फाइलच्या आतल्या पानावर तारखेसह लिहीत जा. गावात काटा नसेल तर उपकेंद्रात आशाताईंना सांग. दोन-तीन आठवडे सलग आकडा उतरतोय असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, फोन कर.